अपस्फीत शिरांची वाढ आणि दैनंदिन सवयी : अध्यापन व्यवसायाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पायांवरील शिरा फुगणे, म्हणजेच सर्वसामान्य बोलीतील 'व्हेरिकोज व्हेन्स', हा विकार दीर्घकाळ उभ्याने काम करणाऱ्या व्यक्तींमध्ये वारंवार आढळतो. महाविद्यालयीन शिक्षक व प्रयोगशाळा कर्मचारी या वर्गात मोडतात. एकदा निकामी झालेली शिरेतील झडप कोणत्याही सवयीने पूर्ववत होत नाही. तथापि विकाराची पुढील वाढ, विशेषतः सूज, त्वचेचा काळपटपणा व घोट्याजवळील जखम या अवस्थांकडे होणारी वाटचाल मंद करणे काही अंशी आपल्या हाती असते. घोट्याजवळील शिरांमधला दाब हा या विकाराचा गाभा आहे. त्यामुळे प्रत्येक सवय 'या दाबावर तिचा परिणाम काय' या एकाच कसोटीवर तपासावी, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

बीजशब्द : अपस्फीत शिरा, पोटरीचा पंप, निश्चल उभे राहणे, दाबमोजे, शिक्षकांचे आरोग्य.

प्रस्तावना

आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ प्रयोगशाळा परिचरांच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतील बाजूस, एक लहानशी जखम झाली. टेबलाचा कोपरा लागला असावा, असे त्यांना वाटले. हळद झाली, पावडर झाली, औषधाच्या दुकानातून आणलेली दोन-तीन मलमे झाली. परंतु सात-आठ महिने उलटले तरी जखम भरेना. अखेर पायाची डॉपलर सोनोग्राफी करण्यात आली, तेव्हा जखमेचे मूळ टेबलाच्या कोपऱ्यात नसून पोटरीवरील फुगलेल्या शिरांमध्ये असल्याचे निष्पन्न झाले. त्या शिरा गेली पंधरा वर्षे तेथे होत्या. त्यांनी त्या पाहिल्या होत्या आणि आम्हा सहकाऱ्यांनीही पाहिल्या होत्या. वय झाले, उभ्याचे काम आहे, असे होणारच, असे म्हणून सर्वांनीच तो विषय सोडून दिला होता.

या प्रसंगानंतर अध्यापक कक्षात सहज चौकशी केली असता अशा शिरा असलेले सहकारी एक-दोन नव्हते. काहींच्या बाबतीत त्या साडीच्या किंवा विजारीच्या आड दडलेल्या होत्या, एवढेच. प्रत्येकाजवळ ऐकीव उपाय मात्र भरपूर होते. कोणी तेलाने जोरात मालिश करीत असे, कोणी गरम पाण्यात पाय बुडवून बसत असे, तर कोणी रोज सायंकाळी तासभर फिरून येत असल्यामुळे निर्धास्त होते. यातील कोणते उपाय उपयुक्त, कोणते निरुपयोगी आणि कोणते अपायकारक, हे ठरविण्यासाठी आधी विकाराची यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे. हे विवेचन वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. तो सल्ला केव्हा घ्यावा, हे समजावे यासाठी आहे.

संज्ञा आणि स्वरूप

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी व शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला किंवा शिरा असे म्हणतात. पायातील शिरांचे दोन मुख्य संच आहेत. स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरा पायातील सुमारे ९० टक्के रक्त वर नेतात. त्वचेखालील वरवरच्या शिरा उरलेले रक्त गोळा करतात आणि जोडशिरांच्या द्वारे ते खोल शिरांमध्ये सोडतात. या सर्व शिरांमध्ये ठिकठिकाणी पातळ पडद्यांच्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत.

या झडपांचा इतिहास उद्बोधक आहे. इटलीतील पादुआ विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये शिरांमधील झडपांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्यांचे कार्य रक्ताचा वेग कमी करणे हे असावे, अशी त्यांची समजूत होती. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या शिरेतील रक्त बोटाने मागे ढकलता येत नाही हे दाखविले आणि झडप हा एकमार्गी दरवाजा आहे हे सिद्ध केले. रक्ताभिसरणाच्या सिद्धान्ताला या निरीक्षणाचा मोठा आधार मिळाला.

हा दरवाजा नीट मिटेनासा झाला की रक्त खाली उलटते, खालच्या झडपेवर भार येतो, शिरेची भिंत ताणली जाते, तिचा व्यास वाढतो आणि व्यास वाढल्यामुळे पुढील झडपेची पाकळीही एकमेकींपर्यंत पोहोचेनाशी होते. अशा प्रकारे एक बिघाड दुसऱ्यास जन्म देतो. त्वचेखालील शिरा लांबतात, वेड्यावाकड्या होतात आणि निळसर दोरखंडाप्रमाणे दिसू लागतात. यांनाच शास्त्रीय मराठीत अपस्फीत शिरा म्हणतात.

विकाराच्या अवस्था मांडण्यासाठी सीईएपी नावाचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. ते १९९४ मध्ये तयार झाले, २००४ मध्ये सुधारले गेले व २०२० मध्ये पुन्हा अद्ययावत करण्यात आले. त्यातील बाह्य लक्षणांच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत. पहिल्या पायरीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा दिसतात. दुसऱ्या पायरीवर उभ्या स्थितीत ३ मिलीमीटर किंवा अधिक व्यासाच्या अपस्फीत शिरा असतात. तिसऱ्या पायरीवर सूज येते. चौथ्या पायरीवर त्वचेत बदल होतात. म्हणजे घोट्याभोवती ती तपकिरी-काळपट होते, खाजते, कडक होते. पाचवी पायरी भरून आलेल्या जखमेची व सहावी उघड्या जखमेची होय. उपरोक्त परिचर आम्हा सर्वांच्या देखत दुसऱ्या पायरीवरून सहाव्या पायरीपर्यंत गेले होते.

प्रत्येक रुग्ण या सर्व पायऱ्या चढतोच असे नाही. मात्र विकार आपोआप जागच्या जागी थांबेल, असेही गृहीत धरता येत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील प्रौढ नागरिकांच्या पाहणीत, आरंभी शिरांचा विकार असलेल्या व्यक्तींची सुमारे १३ वर्षांनी पुन्हा तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५७.८ टक्के व्यक्तींमध्ये विकार वाढलेला आढळला. ज्यांना आरंभी केवळ अपस्फीत शिरा होत्या, अशांपैकी जवळजवळ एक तृतीयांश व्यक्ती त्वचाबदलांसारख्या पुढील अवस्थेत गेल्या होत्या. याचाच अर्थ, बरेच जण पुढे गेले आणि बरेच जण गेले नाहीत. प्रतिबंधाला वाव आहे तो याच अंतरात.

दाबाचे गणित

उभ्या माणसाच्या घोट्यातील शिरेवर हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार असतो. हा स्तंभ सुमारे १२० सेंटीमीटर उंच मानला आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे हे लक्षात घेतले, तर हा दाब ८८ मिलीमीटर पाऱ्याइतका येतो. प्रत्यक्ष मोजमापातही निश्चल उभ्या व्यक्तीत तो ८० ते ९० मिलीमीटरच्या आसपास आढळतो. खुर्चीत पाय खाली सोडून बसल्यास तो ५० ते ६० पर्यंत उतरतो. आडवे झाल्यावर तो अगदी अल्प राहतो.

चालताना मात्र एक वेगळीच यंत्रणा कार्यान्वित होते. प्रत्येक पावलागणिक पोटरीचा स्नायू आकुंचन पावतो, त्याच्या आतील खोल शिरा पिळल्या जातात व रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल होताच झडपा मिटतात आणि रिकाम्या झालेल्या खोल शिरा त्वचेखालील शिरांमधून रक्त ओढून घेतात. पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात ते यामुळेच. निरोगी पायात दहा-बारा पावलांतच घोट्यातील दाब ३० मिलीमीटरच्या खाली येतो. झडपा निकामी असलेल्या पायात तो इतका उतरत नाही, तरीही थोडाफार उतरतो. चालतानाही दाब पुरेसा न उतरणे, हेच सूज, त्वचाबदल व जखम यांचे मूळ होय. दाबामुळे केशवाहिन्यांतून द्रव आणि रक्तपेशी भोवतालच्या ऊतींमध्ये झिरपतात, त्यांतील लोहामुळे त्वचा तपकिरी होते, दाह टिकून राहतो आणि शेवटी किरकोळ खरचटणेही भरून येत नाही.

या गणितातील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. चालणे थांबवून निश्चल उभे राहिल्यास निरोगी पायातही साधारण अर्ध्या मिनिटात शिरा पुन्हा भरतात व दाब पूर्ववत होतो. झडपा गळत असल्यास याहूनही कमी वेळ लागतो. म्हणजे पोटरीचा पंप चालू असतो तेवढाच काळ त्याचा लाभ मिळतो. तो साठवून ठेवता येत नाही. सायंकाळी तासभर फिरणे प्रकृतीस, वजनास व स्नायूंच्या बळास निश्चितच हितकारक आहे. परंतु दुपारी तीन तास पुतळ्याप्रमाणे उभे राहताना शिरांवर पडलेला ताण त्या फिरण्याने पुसला जात नाही. त्या तीन तासांमध्येच पाय हलले पाहिजेत.

कारणे : हातातली आणि हाताबाहेरची

आनुवंशिकता, वय आणि गर्भारपण ही या विकाराची प्रमुख कारणे आहेत. गर्भारपणात संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात, रक्ताचे आकारमान वाढते व वाढत्या गर्भाशयाचा दाब पोटातील शिरांवर येतो. यावेळी उद्भवलेल्या अनेक शिरा प्रसूतीनंतर काही महिन्यांत बऱ्याच अंशी ओसरतात. खोल शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे हेही महत्त्वाचे कारण आहे. यांपैकी कशावरही सवयींचा अंमल चालत नाही. त्यामुळे शिरा फुगल्या म्हणजे रुग्णाचेच काहीतरी चुकले, असा ग्रह करून घेणे अन्यायाचे ठरेल. हा केवळ स्त्रियांचा विकार आहे, हा समजही पडताळून पाहण्यासारखा आहे. एडिंबरोच्याच १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ पाहणीत १८ ते ६४ वयोगटातील ४० टक्के पुरुषांत व ३२ टक्के स्त्रियांत मुख्य शिरांची अपस्फीती आढळली होती.

हातातील कारणांमध्ये स्थूलता, हालचालीचा अभाव आणि दीर्घकाळ उभे राहणे यांचा समावेश होतो. डेन्मार्कमधील नोकरदारांच्या १२ वर्षांच्या पाठपुराव्यात, कामाच्या वेळेपैकी किमान तीन चतुर्थांश वेळ उभ्याने किंवा चालत असणाऱ्या स्त्रियांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १.८ पट आढळली. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उभे राहणे आणि चालणे एकत्र मोजलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे; या दोहोंतील भेद आपल्याला वर दिलेल्या दाबाच्या गणितावरूनच करावा लागतो.

बद्धकोष्ठतेचा संबंधही सांगितला जातो. शौचाच्या वेळी कुंथल्याने पोटातील दाब वाढून तो पायांच्या शिरांकडे जातो, असा विचार डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांनी १९७२ मध्ये मांडला व आहारातील तंतुमय घटकांच्या कमतरतेशी त्याची सांगड घातली. पुढील संशोधनातून हा संबंध सर्वत्र तितक्या ठामपणे पुढे आला नाही. तरीही ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या आणि पुरेसे पाणी यांचा आग्रह अन्य कारणांसाठीही योग्यच असल्याने तो धरण्यात तोटा काहीच नाही.

अध्यापकाचा दिवस

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्यास १६ तासांचा आहे. याखेरीज प्रात्यक्षिके, परीक्षांचे पर्यवेक्षण, उत्तरपत्रिकांची केंद्रीय तपासणी, सभा व प्रवास आहेतच. या प्रत्येक प्रसंगी पायांची स्थिती वेगवेगळी असते. म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे सयुक्तिक ठरेल.

वर्गातील तासिका : व्यासपीठावरील मेजामागे एकाच जागी उभे राहून तासभर बोलणे ही शिरांच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल स्थिती होय. फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे, व्यासपीठावरून उतरून बाकांच्या मधल्या वाटेने मागपर्यंत फिरणे, फळ्यावर वरच्या बाजूस लिहिताना टाचा उचलणे, या साध्या क्रियांनी पोटरीचा पंप चालू राहतो. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याचेही लक्ष त्यामुळे वर्गात राहते, हा अधिकचा लाभ. विद्यार्थ्यांना उतारा वाचावयास किंवा उदाहरण सोडवावयास दिले असता शिक्षकाने निःसंकोच बसावे.

पर्यवेक्षण : तीन तासांच्या परीक्षेत दाराशी खिळून उभे राहण्यापेक्षा ठरावीक अंतराने खोलीत फेरी मारणे हे कर्तव्य व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी उचित आहे. फेरी शक्य नसेल तेथे उभ्या उभ्या टाचा सावकाश उचलून खाली टेकविणे, हा व्यायाम दर पाच-दहा मिनिटांनी दहा-पंधरा वेळा करता येतो. त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

उत्तरपत्रिकांची तपासणी : येथे अडचण उलट आहे. तासन्‌तास बसल्याने दाब उभ्या स्थितीपेक्षा कमी असला तरी पंप पूर्णतः बंद असतो. ठरावीक उत्तरपत्रिका झाल्या की उठावे, पाणी पिऊन यावे. बसल्या जागी घोटा वर-खाली व गोलाकार फिरवावा. खुर्ची उंच असून पाय लोंबकळत असतील तर पायांखाली लहान पाट किंवा स्टूल घ्यावे, म्हणजे मांडीच्या मागील बाजूस खुर्चीची कड रुतत नाही.

प्रयोगशाळा : प्रात्यक्षिकांच्या वेळी शिक्षक व परिचर दोघेही दीर्घकाळ उभे असतात. कट्ट्याच्या उंचीचे एखादे स्टूल जवळ असल्यास अधूनमधून टेकता येते. असे स्टूल ठेवणे ही चैन नव्हे.

प्रवास : गावोगावहून एस.टी.ने किंवा लोकल गाडीने ये-जा करणाऱ्या शिक्षकांचा दिवस उभ्यानेच सुरू होतो व उभ्यानेच संपतो. अशा वेळी भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत राहावे आणि घरी पोहोचल्यावर आधी पाय वर करून विश्रांती घ्यावी.

घरातील सवयी

पाय वर ठेवणे याचा अर्थ केवळ समोरच्या खुर्चीवर ठेवणे असा नाही. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर आले तरच रक्तस्तंभाचा भार नाहीसा होतो. सतरंजीवर उताणे पडून पाय भिंतीला टेकवावेत किंवा दोन-तीन उशांवर ठेवावेत. दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे एवढे पुरेसे आहे. रात्री खाटेच्या पायथ्याकडील दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू १० ते १५ सेंटीमीटर उंच केल्यास सकाळची सूज कमी होते. हृदयविकार किंवा झोपल्यावर दम लागण्याचा त्रास असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

वजन आटोक्यात ठेवणे हा सर्वांत अवघड, परंतु महत्त्वाचा उपाय आहे. पोटावरील मेदाचा दाब पायांकडून वर येणाऱ्या रक्ताच्या मार्गात अडथळा आणतो. चालणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारख्या व्यायामांत घोटा व पोटरी लयबद्ध रीतीने हलतात. म्हणून ते विशेष उपयुक्त होत. घोट्याचा सांधा आखडला की पोटरीचा पंप दुबळा होतो, ही गोष्ट वयस्कर व्यक्तींनी लक्षात ठेवावी. उंच टाचांच्या पादत्राणांत घोटा पुरेसा वाकत नाही, त्यामुळे रोजच्या वापरासाठी सपाट किंवा कमी टाचेची, पावलात नीट बसणारी पादत्राणे बरी.

त्वचेची निगा दुर्लक्षिली जाते. घोट्याभोवतीची कोरडी त्वचा खाजते, खाजविल्याने ती फाटते आणि तेथूनच जखमेला आरंभ होतो. आंघोळीनंतर साधे खोबरेल तेल किंवा सुगंधविरहित मलम हलक्या हाताने लावल्यास त्वचा मऊ राहते. येथे तेलाचे काम त्वचेपुरतेच आहे. जोरकस मालिश केल्याने झडपा दुरुस्त होत नाहीत आणि शिरेत गुठळी झालेली असल्यास ती धोक्याची ठरू शकते. गरम पाण्याच्या शेकाने शिरा अधिक प्रसरण पावतात. म्हणून तोही टाळावा. पायावर पाय टाकून बसल्याने हा विकार होतो, या समजुतीस मात्र भक्कम पुरावा नाही. त्या स्थितीत दीर्घकाळ निश्चल बसणे अयोग्य, इतकेच म्हणता येईल.

दाबमोज्यांविषयी

दाबमोजे, म्हणजेच व्यवहारातील 'स्टॉकिंग', घोट्याशी सर्वाधिक व वर कमी होत जाणारा दाब देतात. त्यांनी जडपणा व सूज कमी होते, असा अनेकांचा अनुभव आहे. मात्र जखम नसलेल्या साध्या अपस्फीत शिरांमध्ये केवळ मोज्यांनी विकाराची वाढ थांबते, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, शस्त्रक्रियेसारखे उपचार शक्य असताना केवळ मोज्यांवर विसंबू नये, असाच रोख आहे. जखम झालेल्या वा भरून आलेल्या पायात मात्र दाब देणारी पट्टी व मोजे यांचे महत्त्व निर्विवाद आहे.

मोजे वापरावयाचे ठरल्यास घोटा व पोटरी यांचे माप सकाळी, सूज नसताना घ्यावे. मोजे अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत व रात्री काढावेत. सुरकुती पडलेला किंवा वरून गुंडाळलेला मोजा दोरीसारखा काचतो आणि त्याचा परिणाम उलटा होतो. लवचीकता गेलेला मोजा निव्वळ कापड उरतो. म्हणून काही महिन्यांनी तो बदलावा लागतो. पायाच्या रोहिण्यांमध्ये अडथळा असल्यास दाबमोजे अपायकारक ठरतात. मधुमेही, धूम्रपान करणारे आणि चालताना पोटऱ्या दुखून थांबावे लागणारे यांनी तपासणी केल्याशिवाय ते वापरू नयेत. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ते दिवसभर घालणे कठीण असते, ही अडचण खरी आहे. अशा वेळी निदान अधिक उभे राहण्याच्या तासांपुरते ते घालता येतात का, हे डॉक्टरांना विचारावे.

सवयींची मर्यादा

पुढील लक्षणे दिसताच सवयींवर विसंबून राहू नये. घोट्याभोवतीची त्वचा तपकिरी किंवा कडक होणे, गुडघ्याखालील जखम दोन आठवड्यांत न भरणे, एखादी शिर लाल, कडक व दुखरी होणे, तसेच एकाच पायाला अचानक सूज येऊन तो दुखणे ही ती लक्षणे होत. अखेरचे लक्षण खोल शिरेतील गुठळीचे असू शकते आणि त्यात त्याच दिवशी तपासणी आवश्यक असते. सोबत छातीत दुखणे वा दम लागणे सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागल्यास घाबरून उभे राहू नये किंवा वर दोरी बांधू नये. ताबडतोब आडवे व्हावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून धरावे. दाबाचे गणित येथेही तेच आहे.

डॉपलर तपासणीत कोणती झडप गळते हे कळते व तीत कोणतीही वेदना नसते. आज लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बिघडलेली शिर आतून बंद करणे, औषधी फेस टोचणे असे उपचार उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जखम असताना दाबपट्टीबरोबरच शिरेवरील उपचार लवकर केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता. उपचार पुढे ढकललेल्या गटात तो ८२ दिवस होता. उशिराची किंमत किती असते, हे या दोन आकड्यांवरून समजते. तथापि असे उपचार झाल्यानंतरही इतर शिरा पुढे बिघडू शकतात. म्हणून सवयींची गरज संपत नाही.

खुर्चीचा प्रश्न

हा विषय केवळ वैयक्तिक शिस्तीचा नाही. केरळमधील कापड दुकानांत दिवसभर उभे राहणाऱ्या महिला विक्रेत्यांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. पाय सुजणे व शिरा फुगणे या त्यांच्या तक्रारी होत्या. परिणामी केरळ राज्याने २०१८ मध्ये दुकाने व व्यापारी आस्थापनांविषयीच्या १९६० च्या अधिनियमात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तामिळनाडूनेही २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. तेथे मालकाची मनाई होती. आपल्याकडे बहुतेक वर्गांत खुर्ची आहे आणि तिच्यावर बसण्यास लेखी मनाई कोठेही नाही. तरीही बसून शिकविणारा शिक्षक आळशी आणि बसलेला पर्यवेक्षक बेफिकीर, असा अलिखित संकेत आपणच रूढ केला आहे. परिचर व शिपाई यांच्या बाबतीत तर तो अधिकच कठोर आहे, कारण त्यांना बसलेले पाहून प्रश्न विचारणारे आपणच असतो.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे म्हणता येईल की, अपस्फीत शिरा सवयींनी बऱ्या होत नाहीत, परंतु त्यांची पुढील वाटचाल आपण दिवसभर पाय कसे वापरतो यावर काही प्रमाणात अवलंबून असते. घोट्यातील दाब कमी करणारी प्रत्येक कृती उपकारक व तो टिकवून ठेवणारी प्रत्येक स्थिती अपायकारक, हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर ऐकीव उपायांची पारख करणे कठीण जात नाही. चालत राहावे, शक्य तेथे बसावे, बसल्यावर घोटे हलवावेत, दिवसाअखेर पाय हृदयाच्या वर ठेवावेत आणि त्वचेचा रंग बदलू लागताच तपासणी करून घ्यावी.

आमच्या परिचरांची जखम उपचारानंतर भरून आली. घोट्याजवळची त्वचा मात्र काळपटच राहिली आहे व राहील. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आता कट्ट्याशेजारी दोन उंच स्टुले ठेवली आहेत. ती पंधरा वर्षांपूर्वी ठेवण्यास काहीच हरकत नव्हती.